व्हॉट्सॲप : बोलण्याची सोय, गप्प राहण्याची पंचाईत

पुण्यात शिकणाऱ्या मुलामुलींच्या तासांचे वेळापत्रक, जर्नल तपासून घेण्याची तारीख, मेसच्या सुट्टीची सूचना आणि खोलीच्या भाड्याची वाटणी हे सारे आज व्हॉट्सॲपवर ठरते. म्हणून या ॲपचे परीक्षण करताना त्यातल्या सोयींमुळे एकमेकांशी वागण्याबोलण्याची रीत कशी बदलते, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

२०१४ मध्ये आलेल्या निळ्या टिकांनी ही रीत सर्वाधिक बदलली. संदेश वाचला गेला, एवढेच त्या सांगतात. पाठवणारा मात्र ‘सीन करून सोडलं’ असा अर्थ लावतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेली मुलगी नोटिफिकेशनमध्येच संदेश वाचते आणि चॅट मुद्दाम उघडत नाही, कारण उघडले की उत्तर देणे आले. सेटिंगमध्ये जाऊन या टिका बंद करता येतात, पण मग इतरांनी आपला संदेश वाचला की नाही, हेही कळत नाही. ही अट मला रास्त वाटते. ग्रुपवर मात्र तशी मुभाच नाही. तिथे आपल्या संदेशाची माहिती उघडली की कोणी कोणी वाचले याची नावानिशी यादी समोर येते, आणि प्रोजेक्टच्या ग्रुपमधले कितीतरी रुसवेफुगवे या यादीपासून सुरू होतात.

व्हॉइस नोटबद्दल मात्र मी मनापासून चांगलेच बोलेन. देवनागरीत टाइप करणे अनेकांना किचकट वाटते आणि रोमन लिपीतली मराठी कोरडी, कधी तुसडीही वाटते. लातूर-नांदेडहून आलेला मुलगा आपल्या बोलीत, आपल्या हेलात बोलतो, तेव्हा तो चिडला आहे की चेष्टा करतो आहे, हे ऐकणाऱ्याला नेमके कळते. २०२१ पासून हे संदेश दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकता येतात. परीक्षेच्या दिवसांत त्याचा उपयोग होतो, पण आईचा संदेशही त्याच वेगाने ऐकला जावा, याचे मला वाईट वाटते.

२०२२ मध्ये आलेल्या पोलमुळे सबमिशनची तारीख झटकन ठरते. मात्र कोणी कशाला मत दिले हे सर्वांना दिसत असल्याने बुजरा विद्यार्थी बहुमताकडेच झुकतो. त्याच वर्षी गाजावाजा न होता ग्रुप सोडण्याची सोय आली. बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनना जाते. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या मनावरचा भार खरोखर हलका करणारी सोय हीच.

वर्गप्रतिनिधींना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की फक्त ॲडमिनच लिहू शकतील असा सूचनांचा ग्रुप वेगळा ठेवावा आणि गप्पांचा वेगळा, म्हणजे परीक्षेच्या अर्जाची मुदत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाणार नाही. कंपनीकडून मला एकच बदल हवा आहे : ग्रुपमध्येही निळ्या टिका बंद करण्याचा पर्याय द्यावा.