विपश्यना शिबिर : काही महिन्यांनंतर

उन्हाळ्यात विपश्यना या ध्यानपद्धतीचं दहा दिवसांचं शिबिर केलं, पण लगेच लिहिलं नाही. शिबिरातून घरी आल्यावर पहिले काही आठवडे सगळंच हलकं वाटतं. त्या भरात लिहिलेल्यावर माझा तरी विश्वास बसत नाही. आता दिवाळी होऊन गेली आहे. घर, ऑफिस, बारावीतला मुलगा, सगळं पूर्ववत सुरू आहे. टिकलं काय, ते आता सांगता येईल.

पहाटे चारची घंटा, आर्यमौन म्हणजे एकमेकांशी अजिबात न बोलणं, मोबाइल जमा, अकराला जेवण हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. त्याची सवय होते. खरं काम आसनावर होतं. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा, ते आनापान. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या पाहत राहायला, शिकवतात आणि त्यानंतर अधिष्ठानाच्या बैठका सुरू होतात : तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. माझा उजवा गुडघा पेटायचा. पण पाहत राहिलं की त्या कळेचे तुकडे पडतात. इथे ठणका, तिथे गरमी, मधेच काहीच नाही. आज मुलाशी बोलताना आवाज चढण्याआधी छातीत उठणारी धग कळते. दर वेळी थांबता येतंच असं नाही, पण कळते.

सत्यनारायण गोयंका ही विद्या ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये भारतात आले. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ चं. गोयंका गुरुजी २०१३ मध्ये गेले, तरी सूचना आणि प्रवचनं त्यांच्याच आवाजात ऐकवतात. शुल्क नाही, राहण्या-जेवणाचेही पैसे नाहीत. दान घेतात तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. म्हणजे माझं जेवण आधीच्या कुणा अनोळखी साधकाने भरलेलं होतं. शिबिर चालवणारे सहायक आचार्यही मानधन घेत नाहीत.

हे सगळं चालतं धम्मसेवकांवर, म्हणजे विनामोबदला राबणाऱ्या जुन्या साधकांवर, आणि ते मला नीट कळलं पावसाळ्यात स्वतः सेवेला गेल्यावर. पहाटेच पोह्यांसाठी कांदे चिरायचे, पातेली घासायची, आणि दिवसातून तीन सामूहिक बैठकांना बसायचं. माझ्याबरोबर भांडी घासणाऱ्या ताई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, हे मला शेवटच्या दिवशी समजलं. एकदा दुपारी एक मुलगी बॅग भरून पायरीवर रडत बसली होती. ताई तिच्या शेजारी जाऊन बसल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग तिला आचार्यांकडे घेऊन गेल्या. संध्याकाळी ती चहा-मुरमुऱ्यांच्या रांगेत होती. शिबिरात स्वतःपुरतं पाहता येतं. कढईला लागलेली भाजी, उशीर, सोबत्याची चिडचिड यांत समता, म्हणजे मनाचा तोल, ठेवायला सेवेतच शिकते मी.

एक कळकळीने सांगते. मानसिक आजार असेल, औषधं चालू असतील, तर अर्जात स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांशी आधी बोला. हा उपचाराला पर्याय नाही.

घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. सकाळचा टिकलाय, संध्याकाळचा अनेकदा स्वयंपाकात जातो. रविवारची सामूहिक साधना नसती तर सकाळचाही गेला असता, म्हणून शिबिराला नाव घालण्याआधी आपल्या गावात अशी बैठक कुठे होते ते विचारून ठेवा. मी पुढच्या सेवेचा अर्ज भरलाय, पुन्हा स्वयंपाकघरासाठीच.