रोजचा दोन जीबीचा रतीब: फोनचा मोडेम करून काढलेले एकोणीस दिवस

माझ्या मोबाइल डेटाच्या प्लॅनला पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा कशाचा कापला आणि अर्धा कशाचा, ते ओघात येईलच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रोज २ जीबी, २८ दिवस, असा प्लॅन थोड्याफार फरकाने सगळ्यांकडे मिळतो, आणि माझं भांडण कंपनीशी कमी, त्या 'रोज' या शब्दाशी जास्त आहे.

मी बडोद्यात कारेलीबागेत राहतो. काम कर सल्लागाराचं, म्हणजे दांडिया बाजार, मंगळ बाजारातल्या दुकानदारांची जीएसटीची रिटर्न भरायची. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री चढली. धोक्याची खूण २५ फुटांची, नदी ३५ च्याही वर. आम्ही पहिल्या मजल्यावर म्हणून घर कोरडं राहिलं, पण पार्किंगमध्ये गाड्यांबरोबर ब्रॉडबँडचा डबाही बुडाला. शुक्रवारी ३० तारखेला वीज आली, इंटरनेट नाही. ब्रॉडबँडवाल्याला फोन केला की उत्तर एकच, "काले आवी जशे." गुजरातीत 'काले' म्हणजे काल पण आणि उद्या पण, त्यामुळे तो माणूस खोटं बोलला असं मला म्हणता येत नाही.

मग फोनचा हॉटस्पॉट चालू केला, म्हणजे फोनच लॅपटॉपसाठी वाय-फाय झाला. फोन ४जी, तीन वर्षं जुना. पहिल्या दिवशी सकाळी अकरा वाजता डेटा खलास! मी तर फक्त जीएसटीचं पोर्टल उघडून बसलो होतो. शोध घेतला तेव्हा कळलं की सौ.च्या फोनला आमचं नवं 'वाय-फाय' आपोआप सापडलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपचा मूळचा नियम असा, की मोबाइल डेटावर फक्त फोटो उतरवायचे आणि वाय-फायवर सगळं. पुरानंतर बडोद्याच्या प्रत्येक ग्रुपवर काय फिरत होतं ते सांगायला नको: विश्वामित्रीतून सोसायटीत शिरलेली मगर, छपरावर बसलेली मगर, मगरीला दोरीने बांधून नेणारे लोक. माझे दोन जीबी मगरींनी खाल्ले. उरलेसुरले आईच्या टॅबवरच्या कीर्तनाने. पासवर्ड बदलला, घरात दोन दिवस अबोला.

रावपुऱ्यातल्या मोबाइलवाल्या पोराने दुसरा धडा दिला. चार्जर घ्यायला गेलो होतो, फोन हातात घेऊन म्हणाला, "काका, आ तो तवो थई गयो छे. केबलथी करो ने!" खरंच, हॉटस्पॉटवर फोन तव्यासारखा तापतो आणि बॅटरी तासातासाला ढासळते. चार्जिंगचीच यूएसबी केबल लॅपटॉपला लावली आणि सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू केलं की फोन चार्जही होत राहतो, कनेक्शन तुटत नाही, आणि शेजारपाजारचं कुणी घुसत नाही. एक खबरदारी मात्र कुठे लिहिलेली सापडली नाही, ती दोन जीबी मोजून शिकलो. लॅपटॉपच्या विंडोजमध्ये हॉटस्पॉटला मी 'मीटर्ड' अशी खूण करून ठेवली होती, म्हणजे मोठाले अपडेट तो आपणहून उतरवत नाही. पण केबल लावल्यावर त्याला वाटतं ही नवी इथरनेटची तार आली, घरचंच आहे, हात आखडायचं कारण नाही. सकाळी नऊला कीबोर्डला हात लावायच्या आत अपडेटने ताट साफ केलं. केबलसाठी ती खूण पुन्हा वेगळी करावी लागते. करा.

आता त्या 'रोज'बद्दल. आमच्याकडे दुधाचा रतीब असतो. पण दूधवाला असा विचार करा, की तुम्ही नको म्हणालात तरी रोज दोन लिटर ओतून जातो आणि रात्री बारा वाजता उरलेलं परत घेऊन जातो. पाहुणे आले म्हणून तीन लिटर मागितलं, तर दोनानंतर थेंब थेंब. माझा रविवारचा खप दोनशे एमबी, सोमवारचा साडेतीन जीबी. महिन्याची बेरीज ५६ जीबीच्या खूप आत असते, तरी मी आठवड्यातून तीन दिवस उपाशी. एक तारा कापला तो इथे.

थेंब थेंब म्हणजे किती? दोन जीबी संपल्यावर वेग ६४ केबीपीएस होतो. म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठने भागा: सेकंदाला ८ केबी. एक एमबीला दोन मिनिटांहून जास्त. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीने आपल्याकडे लोकांना इंटरनेट दिलं, त्यानंतर काही वर्षांनी मी घरी टेलिफोनच्या तारेवर चालणारा ५६ केचा मोडेम आणला होता. तो किर्र किर्र आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना आठवेल. पुढे नोकियाच्या फोनला केबल लावून *९९# हा नंबर फिरवूनही नेट वापरलं. म्हणजे हातात स्मार्टफोन, आणि वेग त्या जुन्या डब्यापेक्षा बोटभर जास्त. फरक एवढाच, की तेव्हाची पानं चिटोऱ्यासारखी हलकी होती. आताचं पोर्टल निम्मं उघडतं, कॅप्चाचं चित्र येत नाही, ते येतं तेव्हा सेशन संपलेलं असतं. ओटीपी मात्र झटकन येतो, कारण एसएमएसला डेटा लागत नाही. अर्धा तारा कापलाय तोही एका एसएमएससाठीच: '५० टक्के वापर झाला' आणि '९० टक्के वापर झाला' हे दोन्ही संदेश मला कितीदा एकदमच मिळाले, तेही पोर्टल अडकून बसल्यावर.

माझा खप इतका का, ते पण सांगतो. रिटर्नच्या फाइलला डेटा फार लागत नाही. लागतो तो बिलांना. त्या महिन्यात दुकानदारांची बिलं भिजलेली. कुणी दोरीवर चिमटे लावून वाळवली, कुणी इस्त्री केली, आणि मग एकेकाचा फोटो काढून मला पाठवला. अक्षर पुसट, म्हणून मीच सांगितलं होतं की फोटो पूर्ण आकारात पाठवा. एक फोटो साडेतीन एमबीचा. तीनशे बिलं म्हणजे एक जीबी, आणि असे दुकानदार माझ्याकडे चाळीस.

महिन्याचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख ११. आणि ११ सप्टेंबरला आमच्याकडे गौरीपूजन! दहा तारखेला गौरी आल्या, संध्याकाळी पुण्याच्या मुलाला व्हिडिओवर आरती दाखवली, आणि नऊ वाजता डेटा संपला. सौ. सोळा भाज्या निवडत बसली होती, मी तिच्या शेजारी वाटाणे सोलत बाराची वाट बघत बसलो. बारा वाजून दोन मिनिटांनी फोन एकदा विमान मोडवर टाकून परत आणला, आणि वेग आला. अडीच वाजेपर्यंत सगळ्या फाइली चढवून ठेवल्या. सकाळी सातपासून एकेका दुकानदाराला फोन, "भाई, ओटीपी बोलो." पुरणाचा वास येत होता आणि मी आकडे लिहून घेत होतो. नैवेद्याच्या आत शेवटचं रिटर्न गेलं.

जेवायला भाचा आला होता. त्याच्याकडे ५जी फोन, त्यावर 'अमर्यादित' डेटा. म्हणाला, "मामा, हा घ्या, हवं तितकं वापरा." घेतला. गॅलरीत बसलो तर वारं प्यायल्यासारखा पळत होता. आत माझ्या टेबलापाशी आलो की सिग्नल ५जी वरून ४जी वर उतरायचा, आणि ४जी वर वापरलेला डेटा रोजच्या कोट्यातून कापला जातो. अमर्यादित आहे ते फक्त ५जी. पुढचे दोन तास मी गॅलरीत, तुळशीच्या कुंडीवर लॅपटॉप ठेवून. समोरच्या भाईंनी हात जोडले. त्यांना वाटलं मी पोथी वाचतोय.

तेराव्या दिवशी अक्कल आली. रोजच्या कोट्याच्या वर एक ठोक डेटाचं पॅक घेतलं, ज्यात दिवसाचं बंधन नाही, तेव्हा ते मूळ प्लॅन असेपर्यंत हवं तेव्हा वापरता यायचं. आधी रोजचे दोन जीबी संपतात, मग याला हात लागतो. उरलेल्या सहा दिवसांत पोर्टल एकदाही अडकलं नाही, २० तारखेच्या जीएसटीआर-३बी या पुढच्या रिटर्नची तयारी त्यातच झाली. फोनचा मोडेम करून काम करणाऱ्याने पहिल्या दिवशीच हे घ्यावं. रील बघणाऱ्याला रोजचा रतीब ठीक आहे. आणि माझ्या आईसारखं ज्यांना फक्त बोलायचं असतं, त्यांच्यासाठी डेटाशिवायचे, नुसत्या कॉल-एसएमएसचे प्लॅनही असतात. आईला ते सुचवलं, तर तिने कीर्तन थांबवून माझ्याकडे बघितलं.

२८ दिवसांचं गणितही करून बघा. वर्षात रिचार्ज बारा नाही, तेरा होतात. ट्राय या दूरसंचार नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना निदान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवायला लावलाय, पण दुकानात तो मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही. मी पुढच्या वेळी मागणार आहे.

अनंत चतुर्दशी झाली, दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, ब्रॉडबँडचा माणूस आला. नवा डबा त्याने माझ्या सांगण्यावरून पार्किंगमधून उचलून जिन्याच्या वरच्या भिंतीवर ठोकला. टेबलावरची केबल बघून विचारलं, "काका, आ काढी नाखुं?" नको म्हटलं. ती आता टॉर्च आणि मेणबत्त्यांच्या खणात आहे.