कापसाला लागलेला पिवळा रंग पाहून मी फसलो

माझ्या मुलीने पहिल्या पगारातून मला पांढरे स्नीकर्स घेतले. पुण्याहून येताना तो खोका तिने एसटीत मांडीवर धरून आणला. "बाबा, गुडघे दुखतात म्हणता आणि चपलांवर एवढं चालता," म्हणाली. तेव्हापासून रोज सकाळी मी तेच घालून भाट्याच्या समुद्रकिनारी सुरूबनाच्या कडेने फिरायला जायचो. हे सगळं आधी सांगतोय कारण गेले ते पैसे साडेनऊशेच आहेत, पण लागलंय ते पैशाचं नाही.

जूनमध्ये पाऊस लागला तसे मी बूट साबणाने धुतले, वरवर पुसले, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर ठेवले. रत्नागिरीच्या पावसात खुंटीवरच्या कपड्यालाही बुरशी येते, म्हणून पिशवी. दसऱ्याला काढले तर वरचा भाग ठीक होता, पण सोल साजूक तुपासारखे पिवळट झालेले. घासणी, टूथपेस्ट, खायचा सोडा, सगळं करून झालं. सोलवर चिकटलेली लाल माती निघाली, पिवळेपणा तसाच राहिला.

त्याच आठवड्यात शहरात एका सभागृहात तीन दिवसांचं विक्री प्रदर्शन होतं. लोणची, पडदे, गुडघ्याचे पट्टे, आणि एका कोपऱ्यात बुटांचा स्टॉल. स्टॉलवरच्या मुलाने एक पिवळा सोल घेतला, अर्ध्यावर बाटलीतलं पाणी फवारलं, कापसाने पुसलं. अर्धा सोल शुभ्र, अर्धा पिवळा, आणि कापूस हळदीत बुडवल्यासारखा पिवळा. तो कापूस त्याने माझ्या डोळ्यांसमोर धरला. "बघा काका, सगळं बाहेर आलं." मला तेवढा पुरावा पुरला. माझे बूट साफ करायचे सहाशे आणि घरी वापरायच्या बाटलीचे साडेतीनशे मी फोनवरून तिथेच दिले. पावती मागितली, तर "बूट नेताना देतो" म्हणाला.

फसवणूक होती ती त्या कापसातच. सोलचा पिवळेपणा म्हणजे वर बसलेला मळ नव्हे. रबर आणि प्लास्टिकची हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू प्रक्रिया होते. ऊन, उष्णता आणि दमटपणा तिला हातभार लावतात, धुताना राहून गेलेला साबणही लावतो. रंग बदलतो तो खुद्द रबराचा. असा सोल पुसला तर कापसावर पिवळं काहीच येत नाही. कापूस पिवळा झाला म्हणजे सोलवर वरून काहीतरी फासलेलं होतं, आणि फासलेलं कशानेही निघतं. माझ्या हातात माझा स्वतःचा बूट होता. "यावर करून दाखव" एवढं म्हणायचं मला सुचलं नाही.

प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी बूट मिळाले. दुधासारखे पांढरे. गर्दी होती, पावती राहिली. चौथ्या दिवशी सकाळच्या ओल्या वाळूतून चालून आलो, पायरीवर बसून नाडी सोडताना सोलच्या कडेला नख लागलं आणि पापुद्रा सुटला. उकडलेल्या अंड्याच्या सालीखालचा असतो ना, तसा पातळ, पांढरा. ओढला तसा बोटभर लांब निघून आला आणि खाली तोच तुपाळ पिवळा. त्यांनी सोल रंगवला होता. शिलाईच्या दोऱ्यावर, कापडाच्या कडेवरही तो रंग गेला होता.

मग बाटली उघडून वास घेतला. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते तेव्हा येतो तोच वास. हिने जुन्या काळ्या सुती कापडावर दोन थेंब टाकून पाहिले, थोड्या वेळात तिथे तांबूस डाग पडले. म्हणजे ब्लीचच. पांढऱ्या बुटांना ब्लीच लावू नका, आधी पांढरं दिसतं आणि मग कापड, दोरा, रबर सगळंच आणखी पिवळं पडतं.

त्या मुलाचा फोन बंद. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तिथे तक्रार करायला बसलो तर दुकानाचं नाव काय लिहायचं इथेच अडलो. माझ्याकडे होती फक्त पैसे गेल्याची नोंद, आणि त्यावर कुणा व्यक्तीचं नाव. म्हणून सांगतो, अशा स्टॉलवर आधी पावती, मग पैसे, आणि बूट हातातून सोडण्यापूर्वी सोलचा फोटो. परत घेताना कडेला नखाने ओरखडा काढून बघा. समोरच्याला राग आला तर येऊ दे.

उपाय सांगितला तो राम आळीत बूट शिवणाऱ्या काकांनी, आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत. रंग त्यांनी नेलपॉलिश रिमूव्हरच्या बोळ्याने काढला, आधी टाचेच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघून, कारण काही सोल त्याने विरघळतात. नंतर औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणायला सांगितलं. केस रंगवताना वापरतात त्या क्रीम डेव्हलपरमध्येही तेच असतं, 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के, 40 म्हणजे 12. क्रीम सोलवर राहतं, ओघळत नाही, म्हणून मी 20 चं क्रीम घेतलं. हातमोजे घालून, कापडाला चिकटपट्टी लावून, सोलवर जाड थर दिला आणि वरून स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म गुंडाळली. थर वाळला तर पट्टे उठतात. मग अंगणात उन्हात, दर तासाला फिरवत. नुसत्या उन्हाने सोल पिवळा होतो, पण पेरॉक्साइड असेल तर तेच ऊन पिवळा रंग तोडायला मदत करतं. ऑक्टोबरचं कडक ऊन होतं, दोन दिवस रोज चार तास ठेवले, मग भरपूर पाण्याने धुतले. पूर्वीसारखे झाले नाहीत, पण तुपाचा रंग जाऊन तांदळाचा आला. हा पिवळेपणा काही महिन्यांनी परत येऊ शकतो, हेही काकांनी आधीच सांगून ठेवलं. आणि सोल फोमसारखा असून दाबल्यावर भुगा पडत असेल, तर दमटपणाने तो आतून खचलेला असतो. त्यावर कुणी कितीही पैसे मागितले तरी देऊ नका.

या पावसाळ्यात माळ्यावर प्लास्टिकची पिशवी नाही. समुद्रावरून आलं की गोड्या पाण्याने सोल धुतो, साबण लावला तर तो पूर्ण जाईपर्यंत. आत कोरे पांढरे कागद कोंबून, पंख्याखाली, सावलीत वाळवतो. पूर्ण सुकल्यावर सुती पिशवीत, सोबत औषधांच्या डब्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या.

मुलगी गणपतीत आली तेव्हा शिलाईवरचा रंग तिला दिसला. उजव्या बुटाच्या दोऱ्यात तो अजून अडकलेला आहे, सुईच्या टोकाने थोडा थोडा काढतोय.