रबर सील, मेटल शील्ड की सिरॅमिक: आरसी ट्रकला बेअरिंग कोणतं घ्यावं?

आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या ट्रकच्या मागून खरखर यायला लागली की बहुतेक जण आधी बेअरिंगचा अख्खा सेट मागवतात. तसं करू नका. रबर सीलचं घ्यावं, मेटल शील्डचं की सिरॅमिकचं, याचं उत्तर ते बेअरिंग ट्रकमध्ये कुठे बसणार यावर ठरतं. आणि बिघाड मुळात बेअरिंगचा आहे का, हे त्याच्याही आधी बघायचं.

मोटर फिरतेय पण ट्रक हलत नाही, तर बेअरिंगकडे जायची घाई नको. पिनियनचा, म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरचा, ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) शाफ्टच्या चपट्या बाजूवर घट्ट बसलाय का ते बघा. मग स्पर गिअरचे, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरचे दात, आणि मग चाक ज्यावर बसतं त्या षटकोनी हेक्समागची बारीक पिन. ही पिन चाक बदलताना गवतात पडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. चिरका आवाज येतोय, ट्रक उचल घेत नाही आणि स्पर गिअर हाताला गरम लागतोय, तर स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरून गिअर वाचवणारा क्लच) सैल आहे. डिफरन्शिअलसाठी, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्यासाठी, सोपी चाचणी आहे: स्पर गिअर बोटाने धरून ठेवा आणि मागचं एक चाक फिरवा. दुसरं चाक उलट दिशेने फिरलं पाहिजे. नाही फिरलं, तर डिफच्या आतले छोटे गिअर नाहीतर ॲक्सल गेलाय.

आता बेअरिंग. मोटर मागे सरकवून पिनियन सोडवा आणि एकेक चाक अगदी हळू फिरवा. खरखर कानाला ऐकू येण्याआधी बोटांना कळते. चाक डगडगत असेल तर आधी नट आवळा, मग एका हाताने हब कॅरियर (चाकाची बेअरिंगं ज्यात बसतात तो भाग) पक्का धरून दुसऱ्या हाताने चाक हलवा. कॅरियर स्थिर आणि चाक हलतंय, तर बेअरिंग गेलं. कॅरियरच हलत असेल तर ढिलेपणा त्याला जोडणाऱ्या पिनांमध्ये आहे, नवं बेअरिंग घालून काही फरक पडणार नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. माझ्या ट्रकचे दोन स्पर गिअर महिन्याभरात लागोपाठ गेले. दोन्ही वेळा मी कागदाची पट्टी दातांत घालून मेश, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधलं अंतर, नीट लावला होता. तिसरा बसवताना शाफ्ट बोटाने वर-खाली दाबून बघितला तर तो हलत होता. गिअरबॉक्समधलं, स्पर ज्या शाफ्टवर बसतो त्याचं बेअरिंग गेलं होतं. टेबलावर मेश बरोबर दिसायचा, जोर आला की शाफ्ट सरकायचा आणि दात टोकावर घासायचे. ते एक बेअरिंग बदललं आणि तिसरा स्पर अजून चालतोय.

१/१० ट्रकच्या, म्हणजे खऱ्याच्या एक दशांश आकाराच्या ट्रकच्या, चाकांत नेहमी दिसणारं माप ५×११×४ मिमी (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी). ट्रॅक्सस कंपनीच्या स्लॅश ट्रकमध्येही ते आहे. बाजारात याला एमआर११५ म्हणतात. पुढे टूआरएस लिहिलं असेल तर दोन्ही बाजूंना रबर सील, झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना मेटल शील्ड.

मेटल शील्ड आतल्या रिंगला टेकत नाही, मध्ये केसाएवढी फट असते. म्हणून ते हलकं फिरतं आणि उष्णतेलाही दबत नाही. पण त्याच फटीतून मैद्यासारखी बारीक धूळ आत जाते, पाणीही जातं, आणि गेलेलं पाणी सहज बाहेर येत नाही. रबर सीलची ओठासारखी कड आतल्या रिंगवर टेकते. नवं असताना ते किंचित जड फिरतं, हातात घेऊन टिचकी मारली तर लगेच थांबतं. त्यावरून ते वाईट समजू नका, बाहेरची घाण थोपवणारी कड तीच आहे.

हा फरक मी गुहागरला बघितला. तेव्हा ट्रकच्या पुढच्या चाकांत मेटल शील्डची बेअरिंगं होती, मागे रबर सीलची. ओल्या वाळूवर तासभर पळवला, वरवर पुसला आणि बॅगेत टाकला. आठवड्याने पुढचं डावं चाक फिरेचना. शील्ड काढलं तर आत ग्रीस नव्हतंच, विटकरी चिखल होता आणि बॉल त्यात रुतून बसले होते. मागच्याचं सील टाचणीने उचललं: ग्रीस राखाडी झालेलं, पण बॉल चकचकीत. रबर सील म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे, दोन-चार वेळा पाण्यात गेल्यावर तेही हरतं. पण धूळ, वाळू आणि पावसाळी डबक्यांत चालणाऱ्या ट्रकच्या चाकांना मी दुसरं काही घालणार नाही.

सिरॅमिक म्हणून जे मिळतं ते बहुतेक हायब्रिड असतं: बॉल सिलिकॉन नायट्राइडचे, रिंगा स्टीलच्याच. बॉलला गंज लागत नाही, रिंगांना लागतो. बॉलचं वजन स्टीलच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे खूप वेगात फायदा होतो. पण आकडे बघा. चाकाचा व्यास ११० मिमी आणि वेग ताशी ५० किमी धरला तर चाक मिनिटाला साधारण २,४०० फेरे घेतं. याउलट ३५०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३,५०० फेरे घेणारी मोटर ३एस (तीन सेलच्या) बॅटरीवर, म्हणजे ११.१ व्होल्टवर, लोड नसताना मिनिटाला ३८,००० फेऱ्यांच्या वर जाते. सिरॅमिकचे पैसे मोटरमध्ये सार्थकी लागतात, तेही तिची बेअरिंगं बदलता येत असतील तर. चाकात नाही. तिथे उडीनंतरचे दणके बसतात, आणि कडक बॉल स्टीलच्या रिंगेवर खळगे पाडतात. बेअरिंगवर लिहिलेल्या एबेक या दर्जाच्या आकड्यालाही भुलू नका. तो मापातली अचूकता सांगतो, सील कसं आहे ते नाही.

टामिया कंपनीच्या बऱ्याच किटमध्ये बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे किंवा धातूचे बुश, म्हणजे बॉल नसलेल्या साध्या रिंगा, येतात. तिथे ही तुलना करत बसायची गरजच नाही: कोणतंही बॉल बेअरिंग घाला. तिकडे ११५० म्हणतात ते हेच ११ बाय ५ चं माप.

साफ करावं की बदलावं? रबर सील असेल तर साफ करून बघाच. आतल्या कडेला टाचणी घालून सील उचला आणि बाजूला ठेवा, पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनरमध्ये ते टाकू नका, रबर फुगतं. बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळू द्या. हवेच्या प्रेशरने भर्रकन फिरवायचा मोह टाळा, कोरडे बॉल रिंगेला चरे पाडतात. वाळल्यावर बोटाने फिरवा. नुसता कोरडा आवाज येत असेल तर बेअरिंग चांगलं आहे. गचके लागत असतील तर ते फेकून द्या, खड्डे पडलेली रिंग ग्रीसने भरून येत नाही. चांगलं निघालं तर आतली साधारण एक तृतीयांश जागा भरेल इतकंच ग्रीस घाला. शिलाई मशीनच्या तेलाने ते जास्त मोकळं फिरेल, पण चाकातून तेल दोन दिवसांत निघून जातं.

बसवताना कॅरियरमध्ये ढकलायचं असेल तर बाहेरच्या रिंगवर दाब द्या, शाफ्टवर चढवायचं असेल तर आतल्या. कॅरियरमध्ये ढकलताना ज्याची कड बाहेरच्या रिंगवरच टेकेल असा पान्याचा सॉकेट हाताशी असला की सरळ बसतं. आणि ट्रक पाण्यातून आणलात तर त्याच संध्याकाळी चारही चाकं काढा. समुद्रावरून आणलात तर आधी गोड्या पाण्याने धुवा, मग काढा.