फ्री डिश, फणस आणि सातच्या बातम्या

जन्म एसटीत तिकिटं फाडण्यात गेला, त्यामुळे फुकट म्हटलं की मला आधी संशय येतो. पण डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून येणारी फुकट टीव्ही सेवा, घेऊन सहा वर्षं झाली. छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा), बॉक्स, वायर आणि बसवणावळ मिळून अठराशे गेले ते गेले, महिन्याचं बिल शून्य.

आमची वाडी राजापूरपासून आत. केबल कधी आली नाही, मोबाइलला रेंज हवी तर विहिरीच्या कट्ट्यावर जायचं. फ्री डिशचे चॅनेल पाठवणाऱ्या जीसॅट-१५ उपग्रहाला मात्र आमची वाडी नि दादर सारखंच. २०१५ साली ऐन लक्ष्मीपूजनाच्या पहाटे, ११ नोव्हेंबरला, फ्रेंच गयानातून हा उडाला. आता विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाला ठाण मांडून आहे. पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून छत्री एकदा लावली की रोज हलवावी लागत नाही.

एकदा नीट लावली तर! आमच्याकडून तो आग्नेयेला, जवळजवळ साठ अंश वर. फिटरने पडवीच्या कोपऱ्यात छत्री ठोकली आणि चहा पिऊन गेला. बॉक्सवर दिसणारी सिग्नलची क्वालिटी चाळिसाच्या वर जाईना. दुकानदार म्हणाला बॉक्स गेला, दुसरा गळ्यात मारला, तरी तेच. शेवटी भाच्याने एलएनबीच्या रोखाने वर बघितलं, तर समोर फणसाचा शेंडा. फांदी तोडू म्हटलं तर ही आडवी आली, ‘काप्याचं झाड आहे, हात लावायचा नाही.’ छत्री न्हाणीघरावर नेली, क्वालिटी पंच्याहत्तर.

सिग्नल केयू बँडचा, म्हणजे फार आखूड लहरींचा, तो जोराच्या पावसात विरतो. आषाढात सर कोसळली की चित्राचे चौकोन होतात, मग ‘नो सिग्नल’. म्हणजे डीडी सह्याद्री चॅनेलवरच्या सातच्या बातम्यांत पावसाचा इशारा ऐकायचा, तेव्हाच टीव्ही मुका. दहा-पंधरा मिनिटांत येतो परत. मार्चच्या मध्यालाही चार दिवस सकाळी अकराच्या सुमाराला असंच होतं, तेही कोरड्या आभाळात: सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा बॉक्स उघडून बसू नका, मी बसलो होतो.

खाजगी मराठी चॅनेलचा भरवसा धरू नये. फ्री डिशवरच्या चॅनेलच्या जागा लिलावाने जातात, आज आहे ते उद्या असेलच असं नाही.

उपग्रहाचं ठरलेलं आयुष्य १२ वर्षांचं, म्हणजे २०२७ आलंच. पुढचा दुसऱ्या जागी बसवला तर छत्री पुन्हा फिरवावी लागणार. त्या बाजूला आंबा आहे, हापूस. हिला अजून सांगितलेलं नाही.