शॉर्ट अँड मेसनचा जुना सर्व्हेइंग ॲनेरॉइड: बरेच महिने वापरल्यानंतर

मागच्या पावसाळ्याआधी हा बॅरोमीटर घेतला. ॲनेरॉइड म्हणजे पाऱ्याशिवायचा बॅरोमीटर: हवेच्या दाबाने आतली पातळ धातूची हवाबंद डबी दबते-फुगते आणि काटा हलतो. वर चढलं की दाब उतरतो, त्यावरून उंची कळते. तेव्हापासून घरी पुण्यात, सिंहगडावर आणि मावळातल्या घाटवाटांवर तो सोबत असतो. घ्यायचा विचार असेल तर आधीच सांगते: यंत्र अप्रतिम आहे, पण दख्खनवर घड्याळ आणि थर्मामीटर जवळ नसतील तर त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

बनावट लंडनच्या वॉल्थमस्टोची. बाहेरून पितळी आवरण, वर चामड्याचं घर, चंदेरी तबकडीवर दोन वर्तुळं, एक दाबाचं आणि एक उंचीचं, फुटांतलं. घरगुती बॅरोमीटरवर दाबाच्या रेघा सारख्या अंतरावर असतात. इथे उंचीच्या रेघा सारख्या आणि दाबाच्या विरळ होत जाणाऱ्या. कारण व्हर्नियर, म्हणजे दोन रेघांमधला बारीक भाग वाचायची सरकती पट्टी, फक्त सारख्या रेघांवरच चालतो. तो काट्याशी जुळवून भिंगातून पाहिलं की दोन फुटांपर्यंत वाचता येतं. तेवढी अचूकता मात्र हवाच देत नाही, त्याबद्दल पुढे.

पुण्यात काटा ऋतूप्रमाणे साधारण २,७०० ते ३,००० फुटांच्या दरम्यान असतो. शहर तर १,८५० फुटांच्या आसपास! यंत्र बिघडलेलं नाही. फुटांचं हे वर्तुळ ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांच्या १८६७च्या दाब-उंचीच्या कोष्टकावर आधारलेलं आहे आणि त्यातलं शून्य ३१ इंच पाऱ्याच्या दाबावर आहे, समुद्रसपाटीच्या बरंच खाली. त्यामुळे खाणीत उतरलं तरी काटा मापाबाहेर जात नाही. आपल्याला दोन जागांमधला फरकच हवा असतो, शून्य कुठेही असो.

खाणीत अडचण वेगळी. हवा खेळती ठेवणारा पंखा दाब बदलतो. एक इंच पाण्याइतका फरक पडला तरी काटा साधारण ६५ ते ७० फूट सरकतो, म्हणून चालू पंख्याच्या वाटेवर मोजलेली खोली चुकते. हाच दाबातला फरक टिपण्यासाठी पुढे वायुवीजनाच्या पाहणीत बॅरोमीटर वापरले गेले. आणि दाब उतरला की जुन्या पोकळ्यांमधला ज्वालाग्राही वायू बाहेर येतो, म्हणून ब्रिटनच्या १८७२च्या कायद्याने असा वायू आढळलेल्या कोळसा खाणीच्या तोंडाशी, जमिनीवर, बॅरोमीटर आणि थर्मामीटर ठेवणं बंधनकारक केलं. माणसांचा जीव ज्या काट्यावर अवलंबून होता, त्याच्या घडणीत ही काळजी दिसते.

आता आपल्याकडचं. एअरींच्या कोष्टकात हवेचं सरासरी तापमान ५० अंश फॅरेनहाइट धरलंय. दुरुस्ती सोपी आहे: पायथ्याच्या आणि माथ्याच्या फॅरेनहाइट तापमानांची बेरीज करा; ती १००च्या वर जितके अंश, तितके हजारांश उंचीत वाढवा. समजा खाली ८४, वर ७८. बेरीज १६२, म्हणजे ६२ हजारांश. तबकडीने १,८०० फूट चढ दाखवला असेल तर तो खरा सुमारे १,९१२ फूट. शंभर फुटांहून जास्त फरक! तबकडीवर ‘कॉम्पेन्सेटेड’ (तापमानाची भरपाई केलेलं) लिहिलंय म्हणून हे टाळू नका. ती सोय यंत्राच्या आतल्या धातूंसाठी आहे, बाहेरच्या हवेसाठी नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट दाबाच्या रोजच्या चढउताराची. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त असतो आणि दुपारी चारपर्यंत तीनेक हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) उतरतो, कोरड्या दिवसांत त्याहूनही जास्त. पुण्याच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे नऊ मीटर. टेबलावर जागचा न हललेला बॅरोमीटर दुपारपर्यंत नव्वदेक फूट ‘चढतो’. इंग्लंडमध्ये ही रोजची लय फार क्षीण असते, वादळांच्या चढउतारात बुडून जाते. इथे ती घड्याळासारखी दिसते. मला या यंत्राने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. रोज काटा पाहिल्याशिवाय हवेची ही भरती-ओहोटी अंगवळणी पडली नसती.

त्यावर उपाय दोन. घरी किंवा पायथ्याशी कुणीतरी दुसऱ्या बॅरोमीटरची दर पंधरा मिनिटांनी नोंद ठेवावी. फोनमधला दाबाचा सेन्सर त्यासाठी उत्तम. ते जमत नसेल तर निघालो तिथेच परत यायचं, पुन्हा वाचायचं आणि आलेला फरक वेळेच्या हिशोबाने मधल्या नोंदींवर वाटायचा. मी हेच करते.

वापरताना तबकडी कायम आडवी धरा. उभी केली की वाचन बदलतं. काचेवर बोटाने हलकी टिचकी मारून मगच वाचा. मोठ्या चढउतारानंतर आतल्या हवाबंद डबीचा धातू सावकाश स्थिरावतो, तेव्हा थोडं थांबा. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, चामड्याच्या घरात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

जुन्या बाजारात घेताना चकाकी पाहू नका. यंत्र झिपच्या पिशवीत हवेसकट बंद करून पिशवी हलकेच दाबा. काटा न अडखळता सरकला आणि सोडल्यावर जागेवर आला तर पुढची घासाघीस करा. अडकला किंवा हललाच नाही तर खाली ठेवा. फुटलेली हवाबंद डबी दुरुस्त करणारा कारागीर सहज सापडत नाही.