अडालिमुमॅबचे नऊ महिने आणि एक गोठलेली सिरिंज

परवा कोल्हापूरहून देवगडला माझी अडालिमुमॅबची सिरिंज आली ती गोठवलेल्या जेलपॅकला थेट चिकटवून बांधलेली. मधे साधा कागदही नाही. आतलं औषध गोठलेलं. दुकानदार फोनवर म्हणतो, "ताई, वितळलं की घ्या, थंडच ठेवायचं असतं ना?" अहो, २ ते ८ अंश म्हणजे थंड, बर्फ नव्हे! हे प्रथिन आहे. एकदा गोठलं की बिघडू शकतं, मग वितळून कितीही स्वच्छ दिसो, टोचायचं नाही. हजारो रुपये गेले. तो परत द्यायला तयार नाही आणि मी सोडणार नाही.

आमवातासाठी मी अडालिमुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध, घेते, ४० मिलिग्रॅम, पंधरवड्याला एक, जोडीला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे आमवाताचंच दुसरं औषध. पहिल्या दोन सुयांनंतर घरात म्हणाले होते, एवढ्या पैशांत अंगणाला चिरे बसले असते. मी याला भारी वेदनाशामक समजत होते. तसं नाही ते. आमवातात टीएनएफ नावाचं प्रथिन सांध्यातली सूज पेटती ठेवतं. हे औषध त्याला पेशीला चिकटण्याआधीच धरून ठेवतं. म्हणून वेळ लागतो. दहाव्या आठवड्यात एका सकाळी विळीवर अख्खा नारळ खवून झाला, तेव्हा लक्षात आलं की बोटं आखडलीच नव्हती. परातीतल्या खोबऱ्याकडे बघत तशीच बसून राहिले.

सुरुवातीची क्षयाची तपासणी मला उगाच खर्च वाटली होती. चुकलंच माझं. अंगात दडलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवायलाही हेच टीएनएफ लागतं. ती टाळू नका, आणि ताप असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई घेऊ नका.

पण माझा जीव अडकलाय तो फ्रिजमध्ये. जुलैत १९ तास वीज नव्हती, तेव्हापासून मी फक्त उष्णतेला भ्यायचे. आता बर्फाला जास्त भिते. सिरिंज तिच्या खोक्यातच, मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून लांब. वीज गेली की थर्माकोलच्या डब्यात तळाला बर्फ, वर दोन घड्यांचा टॉवेल, मग खोकं आणि शेजारी थर्मामीटर.

आज भाचा तोच डबा घेऊन दुसऱ्या दुकानात गेलाय. येताना गगनबावडा घाट उतरला की फोन करून आधी थर्मामीटरचा आकडा विचारणार आहे.